मोळीचा आळा

उसाची मोळी बांधायला दोरी लागत नाही. तोडणारी बाई शेंड्याचे दोन-तीन हिरवे वाढे घेते, त्यांना पीळ देते, मोळीखालून सरकवते, गुडघा रोवून मोळी आवळते आणि टोकात टोक गुंतवते. बघणाऱ्याला कळायच्या आत गाठ बसलेली असते. ती मोळी मग डोक्यावर चढते, फळीवरून ट्रकमध्ये जाते, तिथे आदळते, पण सुटत नाही. कारखान्याच्या गव्हाणीत पडली की त्या गाठीचं काम संपलं. कडब्याच्या पेंढीला असाच पिळाचा बंध घालतात, त्याला आळा म्हणतात. ‘आळा घालणे’ आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. पेंढीचा आळा हाताने वळता येणारी माणसं मात्र आता गावातच उरली आहेत.

कातडीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना मोळीपासून का सुरू करावी, याला एक कारण आहे. माजलगावात मी कातडीचा डॉक्टर म्हणून बसतो. सिंदफणेवरच्या धरणाने आमच्याकडेही ऊस आला, तरी इथले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या, बाहेर जायचे काही थांबले नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. माझ्या दवाखान्यातली गर्दी त्या हिशेबाने कमी-जास्त होते. अशाच एका उन्हाळ्यात एक बाई आली. पन्नाशीच्या अलीकडची, फडावरून परतून चार दिवस झालेले.

“चार महिने झालं तोंड आलंय साहेब. भाकर खाली उतरंना. दुधात कुस्करून गिळते.”

तोंडात गालाच्या आतून लालभडक सोललेले चट्टे होते. तोंड आलं म्हटल्यावर जे देतात तेच मीही दिलं : बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं जेल. फडावरचं खाणं, पाण्याचे हाल, असं काहीतरी मनाशी धरून मी मोकळा झालो. ही चूक माझी. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा पाठीवर आणि छातीवर फोड होते, त्यातले निम्मे फुटलेले. शेजारणीने नागीण समजून गेरूचा लेप दिलेला. एका फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर मी अंगठा टेकवला आणि हलकेच सरकवला. वरची कातडी भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखी अंगठ्याबरोबर सरकली. खाली ओली, लाल जमीन उघडी पडली.

पुस्तकात या खुणेला निकोल्स्कीचं चिन्ह म्हणतात. रशियातल्या एका त्वचातज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती नोंदवली. मी ती शिकताना अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं. तपासताना बाईने पालथा ठेवलेला हात उलटा केला. तळहातावर बोटांच्या मुळाशी ओळीने घट्टे होते, पिवळट, कवडीसारखे कडक. कोयत्याच्या मुठीने वर्षानुवर्षं घडवलेले. नखाने खरवडले तरी काही निघेना. एकाच अंगावर, हातभर अंतरावर, एका जागी कातडीच्या पेशी एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या आणि दुसऱ्या जागी धरायला.

हे पुस्तक त्या दोन जागांमधल्या अंतराबद्दल आहे.

कातडीबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते बहुधा कापडाचं असतं. अंगावर पांघरलेलं, एकसंध, फाटलं तर शिवायचं. आपल्या जुन्या वैद्यांनी याहून बरं चित्र काढलं होतं. सुश्रुतसंहितेत त्वचेचे सात थर सांगितले आहेत. सगळ्यांत वरच्या थराला अवभासिनी म्हटलंय, थरांची जाडी भाताच्या दाण्याच्या अंशात मोजली आहे, आणि गर्भाला त्वचा कशी येते हे सांगताना दुधावर साय धरते तशी, असा दाखला दिला आहे. साय हा दाखला मला फार आवडतो. कातडी वरून चढवलेली नसते, आतून वर येते, हे त्यात आहे. फक्त साय वाळून धरते आणि कातडी तशी धरत नाही. कशी धरते, ते कळायला सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, रक्तवाहिनी नसते. तळाशी एका ओळीत उभ्या असलेल्या पेशी विभागत राहतात. नवी पेशी खालून रेटते तशी जुनी वर सरकते, चपटी होते, केराटिन नावाच्या चिवट धाग्यांनी भरून जाते, शेवटी आतलं केंद्रक हरवून बसते आणि एक मेलेली पातळ खपली होऊन पृष्ठभागावर पोचते. तिथून गळून पडते. या प्रवासाला साधारण महिना ते दीड महिना लागतो. म्हणजे गेल्या दिवाळीला तुमच्या अंगावर जी बाह्यत्वचा होती तिच्यातलं आज काही शिल्लक नाही. मग आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या कपाळावरचं आणि हातावरचं गोंदण साठ-साठ वर्षं कसं टिकतं? सुईने रंग बाह्यत्वचेच्या खालच्या थरात, अंतस्त्वचेत, पोचवलेला असतो म्हणून. वरची कातडी शेकडो वेळा बदलली. गोंदण खिडकीच्या काचेमागे ठेवल्यासारखं तिथेच आहे.

सगळ्यांत वरच्या मेलेल्या थराला शृंगस्तर म्हणतात. शृंग म्हणजे शिंग. बैलाचं शिंग, आपली नखं आणि हा थर केराटिनचेच. पोटावर, हातावर हा थर एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, क्वचित त्याहूनही पातळ असतो. एवढ्याशा पडद्याने शरीरातलं पाणी आत आणि बाहेरचं जग बाहेर ठेवलेलं असतं. त्याच्या रचनेसाठी अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ पीटर इलायस यांनी रूढ केलेली उपमा जगभर शिकवतात : विटा आणि चुना. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थांचा थर म्हणजे चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात, आणि पाणी अडवायचं काम तोच करतो. आमच्या तालुक्यात ही उपमा सांगायला सोपी जाते. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीच्या देवळाच्या विटा पाण्यावर तरंगतात, असं इकडे लहान पोरंही सांगतात. अधिक महिन्यात तिथे जत्रेला जाऊन आलेल्या माणसाला विटा आणि चुना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

तरी ही उपमा मला अपुरी वाटते. भिंतीतली वीट जागची हलत नाही. कातडीतली हलते, ताणली जाते, कोपरात दुमडते, आणि शेवटी भिंतीला धक्का न लावता निघून जाते. नुसत्या चुन्याने हे साधणार नाही. विटेला वीट कुठेतरी टाचलेली असली पाहिजे, आणि तो टाका वेळेवर उसवता आला पाहिजे.

हे टाके इटलीतल्या जुलिओ बिझोझेरो यांना एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. बाह्यत्वचेतल्या पेशींच्या कडांना काटे असल्यासारखे दिसत, आणि दोन पेशींचे काटे जिथे भेटत तिथे एक गडद ठिपका दिसे. पुढे कित्येक वर्षं बऱ्याच जणांची समजूत अशी होती की हे पूल आहेत, यातून एका पेशीतला जीवद्रव दुसरीत जातो. १९२० मध्ये योझेफ शाफर यांनी या ठिपक्यांना डेस्मोसोम हे नाव दिलं. ग्रीक भाषेत डेस्मॉस म्हणजे बंध आणि सोमा म्हणजे शरीर. १९५०च्या दशकात कातडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आली आणि पुलाची कल्पना बाद झाली. ठिपक्याच्या मधोमध फट होती. पेशी एकमेकींत उघडत नव्हत्या. अर्धा टाका या पेशीने घातलेला होता, अर्धा त्या पेशीने, आणि दोन्ही अर्धे मधल्या फटीत एकमेकांना धरून होते.

मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा थांबतो. एका डेस्मोसोमचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पेशीच्या आतल्या बाजूने पाहिलं तर केराटिनचे धागे जुडग्याजुडग्याने येतात आणि पेशीच्या भिंतीशी एका गादीत रुततात. हे धागे गादीत अडकवून ठेवणारं प्रथिन म्हणजे डेस्मोप्लाकिन. गादीतून भिंतीपार बाहेर हात निघतात. त्या हातांची नावं डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन. समोरच्या पेशीचे तसेच हात तिकडून येतात आणि फटीत गुंततात. हे गुंतणं कॅल्शियमवर अवलंबून आहे. कॅल्शियम काढून घेतलं की हात ढिले पडतात. म्हणजे माझ्या मनगटावरची कातडी मी चिमटीत ओढली तर तो ताण एका पेशीच्या धाग्यांतून गादीत, गादीतून हातात, हातातून पलीकडच्या हातात, आणि तिथून शेजारणीच्या धाग्यांत जातो. एकटी पेशी काही सोसत नाही. ताण वाटला जातो. मी याला पुस्तकभर ‘आळा’ म्हटलं आहे. ‘बंधकाय’ असा शब्द करता आला असता, आणि परिभाषेच्या कोशात तो शोभलाही असता. पण ज्या बाईच्या पाठीवरची कातडी सरकली तिला मी “मावशी, तुमचे बंधकाय बिघडले” असं सांगू शकलो नसतो. “मोळीचे आळे तुटलेत” म्हटल्यावर तिने मान हलवली.

आता सुटण्याबद्दल. आळे वर-वर जाताना बदलतात. शृंगस्तरात त्यांच्यावर कॉर्निओडेस्मोसिन नावाचं आणखी एक प्रथिन चढतं आणि ते खिळ्यासारखे घट्ट होतात. मग पृष्ठभागाजवळ काही विकरं त्यांना हळूहळू कुरतडतात, आळे तुटतात आणि एकेक पेशी कोणाला न दिसता गळते. विकरांवर आणखी एका प्रथिनाचा लगाम असतो. तो लगामच जन्मजात नसला तर आळे अवेळी तुटतात आणि मूल लाल, सोललेल्या अंगाने जन्माला येतं. हा नेदरटन नावाचा दुर्मीळ आजार. उलट आळे वेळेवर तुटले नाहीत तर पेशी गठ्ठ्याने साचतात. कोरडी खवल्यांची कातडी आणि तळहातावरचा घट्टा ही त्याची रूपं. सतत घासलं आणि दाबलं की खालून पेशी जास्त वेगाने तयार होतात आणि वर आळे तुटायला उशीर होतो. घट्टा म्हणजे कातडी मेली असं लोक म्हणतात. खरं तर ती जायची थांबली.

दुकानात कुरुपाची पट्टी मिळते तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं. ते केराटिन विरघळवतं असं पूर्वी समजत. मुख्यतः ते पेशी-पेशींमधली पकड सैल करतं. पट्टी काढल्यावर पांढरा फुगलेला थर सालीसारखा निघतो तो त्यामुळे. टाचेच्या भेगांना युरियाचं मलम लावतात त्याचं कामही काहीसं या वाटेने चालतं. पुस्तकातलं घट्ट्यांवरचं प्रकरण मी मुद्दाम लांबवलं आहे, कारण ब्लेडने घट्टा आणि कुरूप तासणारे रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात, आणि त्यांतल्या मधुमेह्यांचे पाय पुढे कसे होतात तेही मी पाहतो.

त्या बाईच्या पाठीकडे परत येतो. तिच्या आजाराचं नाव पेम्फिगस व्हल्गॅरिस. कातडीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जे दिसतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. तळाची ओळ जागेवर असते, कारण तिला जमिनीशी धरून ठेवणारे बंध निराळे असतात. पण त्या पेशींचा शेजार सुटलेला असतो. प्रत्येक पेशी एकटी उभी. पाठ्यपुस्तकात याला थडग्यांची रांग म्हणतात. वर पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात सुट्या पेशी गोल होऊन तरंगताना दिसतात. ताण धरायला कोणी नसलं की पेशी गोल होते.

हे कोण करतं? १९६४ मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखवलं की या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच बाह्यत्वचेला चिकटणारी प्रतिपिंडं असतात. ती नेमकी कुठे चिकटतात हे १९९१ मध्ये मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅन्ली यांच्या कामातून कळलं : डेस्मोग्लीन ३. आळ्याचा हात. शरीराची फौज जंतू सोडून स्वतःच्या मोळ्यांचे आळे कापत सुटते. तोंडात आधी फोड का, याचं उत्तरही यातच सापडलं. तोंडाच्या अस्तराची भिस्त प्रामुख्याने डेस्मोग्लीन ३ वर असते, तर कातडीत डेस्मोग्लीन १ सुद्धा भरपूर असतं आणि एक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. फौजेने दुसऱ्यावरही हात टाकला की अंगावर फोड येतात. माझी रुग्ण चार महिने भाकर गिळू शकत नव्हती तेव्हाच हा आजार सुरू झालेला होता. मी तो बी-कॉम्प्लेक्सच्या कमतरतेत शोधत होतो. दात आणि हिरड्या पाहणाऱ्या डॉक्टरांनी, आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांनी, आशाताईंनी या आजारावरचं प्रकरण वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. महिन्याभरात न भरणारं तोंड म्हणजे नुसतं उष्णतेचं तोंड नव्हे.

स्टेरॉइडं येण्यापूर्वी, म्हणजे १९५०च्या आधी, या आजाराचे बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. उघड्या अंगातून पाणी जाई आणि जंतू शिरत. मग स्टेरॉइडं आली आणि माणसं वाचू लागली, पण रोजच्या मोठ्या मात्रेने हाडं ठिसूळ, साखर वाढलेली, चेहरा सुजलेला. इथे भारतातलं एक काम सांगायलाच हवं. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी पद्धत बसवली. डेक्सामेथासोनची मोठी मात्रा सलाइनमधून सलग तीन दिवस, मधल्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड, मग दर २८ दिवसांनी पुन्हा तेच, आणि मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची रोज एक लहान गोळी. औषधं साधी, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारी. पल्स थेरपी म्हणून ती देशभर पसरली. आता रिटुक्सिमॅब आलं आहे, २०१८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली, आणि ज्याला परवडतं त्याला ते चांगलं लागू पडतं. पण मजुरी करणाऱ्या माणसाला महिन्यातले तीन दिवस अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात राहता येतं. पसरीचांनी हा हिशेब रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून मांडला असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

“पाचटानं झालं का साहेब?” हा प्रश्न तिने विचारला होता. पाचटाने कातडी चिरते, खाजते. आळे तुटत नाहीत. पण प्रश्न वेडा नव्हता. ब्राझीलच्या आतल्या भागात, नदीकाठच्या शेतमजुरांच्या वस्त्यांत पेम्फिगसचा एक भाऊबंद आढळतो. तिथली माणसं त्याला ‘रानवणवा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्यात प्रतिपिंडं डेस्मोग्लीन १ वर जातात, आणि चावणाऱ्या छोट्या माश्यांशी त्याचा संबंध असल्याचा संशोधकांचा दाट संशय आहे. राबणाऱ्या अंगाला कुठून काय लागेल याचा अंदाज शहरात बसून येत नाही.

याच डेस्मोग्लीन १ वर आणखी एक जण टपलेला असतो, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू. त्याचं एक विष हा एकच हात नेमका कापतं, कात्रीने दोरा कापावा तसं. ऊसतोड्यांच्या कोपीतल्या लहान पोरांच्या अंगावर पातळ पाणीदार फोड येऊन फुटतात आणि मधाळ खपली धरते, त्यातल्या काहींच्या मागे हे विष असतं. जंतूने लाखो वर्षांत जे शिकलं ते फौजेने चुकून शिकलं, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

एक प्रकरण हृदयाबद्दल आहे, आणि ते कातडीच्या पुस्तकात कशाला असं हस्तलिखित वाचणाऱ्या मित्राने विचारलं होतं. हृदयाच्या स्नायूपेशींनाही हेच आळे धरून ठेवतात. त्यांना तर दर ठोक्याला ताण सोसायचा असतो. ग्रीसच्या नाक्सोस बेटावरच्या काही घराण्यांत तळहात-तळपाय जाड, केस लोकरीसारखे, आणि पुढे वयात आल्यावर हृदयाचे ठोके बिघडून अचानक मृत्यू, असा आजार आढळला. दोष प्लाकोग्लोबिन नावाच्या, आळ्याच्या गादीतल्या प्रथिनात निघाला. तेव्हा कोयता कधी हातात न धरलेल्या पोराचे तळहात जाड आणि केस लोकरीसारखे दिसले, तर मी मलम लिहून देऊन थांबत नाही, ईसीजी काढायला पाठवतो.

पुस्तकातल्या आकृत्या मी मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. जिथे हाताने करून पाहता येईल तिथे तसं लिहिलं आहे. कडब्याची पेंढी मिळाली तर उत्तम, नाहीतर सुतळीही चालेल.

त्या बाईला पल्स सुरू झाल्या. दर महिन्याला तीन दिवस भाचा घेऊन जाई. त्या हंगामाची घेतलेली उचल फिटायची होती, तिच्या जागी सून कोयत्यावर गेली. फोड थांबले, तोंड भरलं, आठ-नऊ महिन्यांनी ती ठेचा खाऊन आल्याचं सांगत होती. मग तळहात पुढे केला. घट्ट्यांच्या कडा उचलल्या होत्या, मधूनच एक जाड पापुद्रा सुटून लोंबत होता आणि खाली कातडी गुलाबी, मऊ निघाली होती.

“औषधानं गेले का हे?”

“नाही मावशी. कोयता सुटला म्हणून.”

तिने तो पापुद्रा दोन बोटांत धरून ओढून काढला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि पदराला हात पुसला.